गंगेत घोडे न्हाले, पण एक भाग कोरडाच राहिला

मोरखी (धागाकर्ता)

नमस्कार. हा प्रश्न विचारावा की नाही, या विचारात मी बरेच दिवस घालवले. विषय निखळ आरोग्याचा आहे, तरीही चारचौघांत तो काढताना जीभ अडखळते, म्हणून अखेर येथे टोपणनावाच्या आडून विचारत आहे.

माझ्याकडे 14 वर्षांचा एक अख्ता, म्हणजे खच्ची केलेला, घोडा आहे. तो माझ्याकडे आला त्याला 3 वर्षे झाली. खरारा, खुरांची सफाई, आयाळ आणि शेपटी विंचरणे हे सर्व मी नेमाने करतो, आणि आपण घोडा स्वच्छ ठेवतो अशी माझी समजूत होती. गेल्या आठवड्यात दातांच्या तपासणीसाठी आलेल्या पशुवैद्य बाईंनी सहज विचारले, "याची खोळ शेवटची कधी धुतली होती?" मला वाटले की त्या खोगिराच्या खोळीबद्दल बोलत आहेत. मी मोठ्या अभिमानाने सांगितले की ती मी दर रविवारी धुतो आणि उलटी करून उन्हात वाळत घालतो.

बाई काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी घोड्याच्या पोटाखाली बोट दाखवले.

तर माझे प्रश्न असे आहेत: हे काम किती दिवसांनी करायचे, घरच्या माणसाने करायचे की पशुवैद्यांनी, ते करताना नेमके उभे कोठे राहायचे, आणि त्याच वेळी कोणी तबेल्यात आले तर चेहऱ्यावर कोणता भाव ठेवायचा?

अबलख

प्रश्न माझाही हाच होता. विचारण्याचे धैर्य तेवढे तुमचे. मी येथेच बसून राहणार आहे.

जुनी_रिकीब

मोरखी, उलटी करून उन्हात वाळत घातलेली ती खोळ डोळ्यांसमोर आली आणि मला काही काळ टंकता आले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आता कामाचे बोलते.

घोड्याचे शिश्न एरवी पोटाखालच्या कातडीच्या दुहेरी घडीत विसावलेले असते. दुर्बिणीची नळी जशी एकात एक सरकते तशी ती रचना असते. या खोळीतील, म्हणजे कोशातील, ग्रंथींमधून तेलकट स्राव पाझरत असतो. त्यात झडलेल्या त्वचेचे कण, धूळ आणि गवताचा चुरा मिसळला की मळ तयार होतो. काही घोड्यांत तो कोरडा, काळा आणि पापुद्र्यांसारखा असतो, तर काहींत राखाडी आणि मेणचट असतो. दोन्ही प्रकार स्वाभाविक आहेत आणि नुसता मळ दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्यापेक्षा अख्त्याकडे तो अधिक साचतो, कारण पुष्कळसे अख्ते लघवीच्या वेळीही अंग पुरते बाहेर काढत नाहीत.

घोडे पेंड खाते ते अगदी टोकाशी. मूत्रमार्गाचे तोंड जेथे बाहेर येते त्याच्या भोवती एक खळगा असतो आणि त्याच्या वरच्या अंगाला एक लहानसा कप्पा असतो. त्या कप्प्यात मळ दाबला जाऊन घट्ट होतो, आणि त्यालाच आम्ही खडा म्हणतो. तो वाटाण्याएवढा असेल तर घोड्याला त्याचा पत्ताही नसतो. मोठा झाला की मात्र तो मूत्रमार्गावर दाब आणतो. मग धार फाटते किंवा वाकडी जाते, अथवा घोडा पाय ताणून लघवीच्या पवित्र्यात उभा राहतो आणि काहीच न करता पुन्हा चालू लागतो.

कृती सांगते. नखे कापावीत, अंगठी काढून ठेवावी, पातळ आणि घट्ट बसणारे हातमोजे घालावेत. पाणी कोमट असावे आणि साबण अगदी सौम्य असावा, तोही थोडाच. घोड्याच्या डाव्या खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून, अंगाला अंग लावून उभे राहावे. एक हात पाठीवर ठेवावा आणि दुसरा पोटावरून हळूहळू मागे न्यावा. डोके धरणारा सोबती आपल्याच बाजूला असावा, कारण त्याने तोंड आपल्याकडे वळवले की घोड्याचा मागचा भाग आपल्यापासून दूर जातो. काहीही झाले तरी गुडघे टेकू नयेत आणि "जरा नीट पाहू" म्हणून डोके पोटाखाली घालू नये. हे काम डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त करायचे असते. शेवटी साबणाचा अंशही आत राहणार नाही इतके पाणी घ्यावे.

टापटीप

जुनी_रिकीब यांच्या प्रतिसादातील "कोमट" हा शब्द ठळक अक्षरांत छापून प्रत्येक तबेल्यात लावावा, अशी माझी सूचना आहे. पहिल्या वेळी मी घाईत थेट नळीचे गार पाणी वापरले. माझा घोडा कधीही लाथ मारत नाही, याची मला पूर्ण खात्री होती. घोड्याला मात्र तशी खात्री नव्हती. बादली जेथे पडली तेथून आणण्यासाठी मला कुंपणापलीकडे जावे लागले. घोड्याने तलवार जी म्यान केली ती पुढे सबंध दिवस बाहेर काढली नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने तो माझ्या हातातील नळीकडे ज्या नजरेने पाहत असे, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

दुडकी

"घट्ट बसणारे" हा शब्दही ठळक करावा.

माझे हातमोजे एक माप मोठे होते. साबणाने सारे निसरडे झालेले, माझा हात मनगटापर्यंत आत, आणि बाहेर आला तेव्हा तो उघडा होता. त्यानंतरची 10 मिनिटे मी, माझा भाऊ आणि घोडा अशा तिघांनी तीन वेगवेगळ्या मनोवृत्तींत घालवली. शोधायला पुन्हा हात घालावा, तर घोड्याने आमची भेट संपल्याचे एका पायाने सुचवले होते. पशुवैद्यांना फोन केला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी धीर दिला की रात्रभर वाट पाहा, तो आपण होऊन पडण्याचा संभव आहे, नाही पडला तर मी सकाळी येतो. सकाळी हातमोजा अंथरलेल्या पेंढ्यावर पडला होता, पाचही बोटे पसरून, जणू निरोप देत असावा.

सरळमार्गी

सर्वांचा अनुभव वाचला, पण मूळ गृहीतकाशीच माझा मतभेद आहे. रानात फिरणाऱ्या घोड्यांचे कोश कोण धुते? निसर्गाने ज्याची व्यवस्था केली आहे त्यात माणसाने हात घालू नये, आणि येथे तर शब्दशः हात घालणे चालले आहे. मी 2 अख्ते कित्येक वर्षे पाळले, एकदाही धुतले नाहीत आणि दोघांनाही काही झाले नाही.

जुनी_रिकीब

सरळमार्गी, रानातल्या घोड्याला कोणी खच्ची करत नाही. निसर्गाच्या व्यवस्थेत आपण आधीच पुरेसा हात घातलेला आहे; आता साबण लावून घातला तर एवढे काय बिघडते?

दावणीचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्व घोड्यांना लागू पडेल असा ठरावीक आकडा सांगता येत नाही. निदान वर्षातून एकदा तो भाग नीट पाहावा आणि खडा चाचपावा, एवढे मी प्रत्येकाला सांगतो. पाहिल्यावर धुण्याची गरज वाटली तर धुवावे. पुष्कळदा दातांच्या कामासाठी घोड्याला गुंगीचे इंजेक्शन दिलेलेच असते आणि त्यात अंग आपोआप सैल पडून बाहेर येते, तेव्हा त्याच वेळी हे काम उरकणे सोयीचे असते. गुंगीसाठी झायलाझिन किंवा डेटोमिडिन देतात. एसिप्रोमॅझिननेही अंग बाहेर येते, पण त्या औषधानंतर ते परत आत न जाण्याचा धोका असतो, विशेषतः आंडील घोड्यात, म्हणून त्या बाबतीत फार जपून वागावे लागते. औषध कोणतेही असो, अंग काही तासांत परत आत गेले नाही तर सूज चढते आणि मग ती तातडीची बाब होते. "सकाळी बघू" असे तेव्हा म्हणू नये. आणखी एक गोष्ट अशी की गुंगीतला घोडा शहाण्यासारखा दिसतो, पण लाथ तो व्यवस्थित नेम धरून मारतो. हे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे आणि त्याचा तपशील देणार नाही.

आता सरळमार्गी यांच्या बाजूने. अतिस्वच्छता हीदेखील चूकच आहे. त्या त्वचेवर निरुपद्रवी जीवाणूंची वस्ती असते. क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडिन यांसारख्या जंतुनाशकांनी वारंवार धुतले की ती वस्ती उठते आणि रिकाम्या जागी स्यूडोमोनास किंवा क्लेब्सिएला यांसारखे त्रासदायक जीवाणू येऊन बसतात. आंडील घोड्याकडून ते घोडीच्या गर्भाशयापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून प्रजननासाठी ठेवलेल्या घोड्याला साधे कोमट पाणी पुरे.

धुण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे का, तेही सांगतो. वयस्क घोड्यांत, विशेषतः त्या भागाची त्वचा गुलाबी असलेल्यांत, तेथे कर्करोग होऊ शकतो. पूर्वी त्याचा दोष नुसत्या मळावर येत असे. आता घोड्यांमधील पॅपिलोमा विषाणूच्या 2 क्रमांकाच्या प्रकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. फुलकोबीसारखी वाढ, न भरणारा व्रण, रक्ताचा डाग किंवा नेहमीपेक्षा वेगळी दुर्गंधी यांपैकी काही दिसले तर साबण बाजूला ठेवून आम्हाला बोलवावे. उन्हाळ्यात माश्यांमार्फत हॅब्रोनेमा नावाच्या कृमीच्या अळ्या त्या ओलसर जागी येतात आणि त्यांच्याही चिघळणाऱ्या जखमा होतात. हे सारे लवकर दिसले तर उपाय सोपा असतो, आणि ते दिसण्यासाठी कोणीतरी लाज सोडून तिकडे पाहिलेले असावे लागते.

सरळमार्गी

पाहण्याला माझी हरकत नाही. माझे दोन्ही घोडे मी कधी पाहिले नव्हते, हेही प्रामाणिकपणे कबूल करतो. "काही झाले नाही" याऐवजी "काही दिसले नाही" असे मी लिहायला हवे होते.

चौखूर

कार्यालयात काम करत असताना मला पशुवैद्यांचा फोन आला. त्यांनी विचारले, "या वेळी खडा केवढा निघाला?" मी म्हणालो, "चांगला घेवड्याच्या दाण्याएवढा होता, पण फारसा त्रास न होता बोटाने निघाला." त्या दिवसापासून शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला मुतखड्याचा रुग्ण समजून भरपूर पाणी पिण्याचा आग्रह करत असतात. खुलासा करावा असे अनेकदा मनात आले, परंतु "बोटाने निघाला" या शब्दांवर त्यांनी जो आदर दाखवला तो गमावण्याची माझी तयारी नाही.

अबलख

माझा घोडा सारखा शेपूट घासतो. कोश मळला की शेपूट घासतात असे ऐकले होते, म्हणून मी महिन्याभरात त्याला 3 वेळा धुतले. पहिल्यांदा त्याने सहन केले, दुसऱ्यांदा सोडून दिले आणि तिसऱ्यांदा मला सोडले नाही. तरीही शेपूट घासणे चालूच आहे.

दावणीचा_डॉक्टर

अबलख, आता धुणे थांबवा. कोशात मळ साचल्याने काही घोडे शेपूट घासतात हे खरे आहे, परंतु शेपटीखाली अंडी घालणाऱ्या सूतकृमींमुळे किंवा चावणाऱ्या बारीक चिलटांच्या वावड्यामुळेही तसेच होते. शेपटीखाली पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती आपल्या पशुवैद्यांकडे न्या. कृमींची अंडी असतील तर त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील. तेथे धुण्याची गरज दुसऱ्याच ठिकाणी होती असे निघाले, तर घोड्याची क्षमा मागण्याची पद्धत आपण स्वतः ठरवावी.

वाघळी

मी जरा विषयाच्या कडेने जाते. माझ्या घोड्याच्या पोटाखालून दुडक्या चालीत डबडब असा आवाज येतो. मला सर्वांनी सांगितले की हा मळ साचल्याचा आवाज आहे. मी यथासांग धुतले, खडाही काढला. आता तोच आवाज अधिक स्वच्छ ऐकू येतो.

जुनी_रिकीब

तो आवाज मळाचा नसतो, कोशात खेळणाऱ्या हवेचा असतो. घोडा पोटाचे स्नायू आवळून चालला की तो वाढतो आणि सैलावला की पुष्कळदा कमी होतो. माझा एक घोडा अनोळखी मैदानावर नगारा वाजवत असे आणि घरी गुपचूप चालत असे.

घोडीवाली

इतके वाचल्यावर एकच वाटले, की मी घोडी घेतली हे किती चांगले केले.

दावणीचा_डॉक्टर

घोडीच्या दोन सडांमधील खाचेत कधी बोट फिरवून पाहिले आहे का? तेथेही अगदी असाच मेणचट मळ साचतो आणि घोडीला खाज सुटते.

घोडीवाली

आत्ताच पाहून आले. माझे आधीचे विधान मी मागे घेत आहे.

टापटीप

मोरखी यांच्या चौथ्या प्रश्नाला, म्हणजे चेहऱ्यावरील भावाला, अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. एकदा मी याच कामात गढलेला असताना शाळेच्या मुलांची सहल घोडे पाहायला आली. बादली, साबणाचा फेस आणि पोटाखाली चाललेला माझा हात पाहून एका लहान मुलाने विचारले, "काका, तुम्ही दूध काढताय का?" मी घाईघाईने "नाही" म्हणालो, आणि त्या एका शब्दाने परिस्थिती अधिकच बिघडली, कारण आता पुढचा प्रश्न अटळ होता. त्यांच्या बाईंनी प्रसंगावधान राखून "काका घोड्याचे पोट धुताहेत" असे सांगितले. ते उत्तर इतके साधे आणि सभ्य आहे की तेव्हापासून मी वडीलधाऱ्यांनाही तेच देतो.

चौखूर

माझी अडचण नेमकी उलट आहे, आणि ती लिहावी की नाही याचा मी 2 दिवस विचार केला. माझ्या घोड्याला हे काम आवडते. तो डोळे अर्धे मिटतो, वरचा ओठ लांबवतो आणि मान एका बाजूला टाकतो. आता तर नुसती बादली दिसली तरी तो तयार होऊन उभा राहतो. माझी पत्नी त्याला पाणी पाजायला बादली घेऊन गेली, तेव्हा तिने परत येऊन मला जे विचारले त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते.

जुनी_रिकीब

पाण्याची बादली निळी ठेवा आणि धुण्याची लाल. घोड्यांना रंगांचा हा भेद चांगला कळतो, आणि घरातील शांततेसाठी तेवढा खर्च योग्यच आहे.

मोरखी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 3 आठवड्यांनी अहवाल देत आहे.

पहिले 4 दिवस मी साबण हातात घेतलाच नाही. खरारा झाला की पोटावरून हात मागे न्यायचा, घोड्याने कान मागे टाकण्याआधीच थांबायचे आणि हात काढून घ्यायचा, एवढेच केले. पाचव्या दिवशी त्याने कोशाला स्पर्श करू दिला आणि मागचा एक पाय सैल सोडून उभा राहिला. सातव्या दिवशी कोमट पाणी, नेमके माझ्या मापाचे हातमोजे आणि डोके धरायला धाकटा भाऊ, अशी सिद्धता केली. आत हात गेल्यावर प्रथम जाणवली ती ऊब, मग ओल्या साबणवडीसारखा निसरडा थर, आणि तो बोटांखाली पापुद्र्यांनी सुटत गेला. वासाचे वर्णन मी करणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना गरज नाही आणि इतरांनी सुखात राहावे.

टोकाशी बोट पोहोचले तेव्हा कप्प्यात काहीतरी टणक लागले. ओढायचे नाही हे लक्षात ठेवून मी थोडे खनिज तेल लावले, वाट पाहिली आणि करंगळीने कडेने सैल करत राहिलो. त्याच वेळी माझे सासरे तबेल्याच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी घोड्याकडे पाहिले, माझ्या कोपरापर्यंत ओल्या हाताकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "काही हरवले आहे का?" टापटीप यांनी दिलेले उत्तर मला पाठ होते, तरी तोंडातून "हो" एवढेच निघाले. ते मान डोलावून निघून गेले.

खडा निघाला. राखाडी, वालाच्या दाण्याच्या आकाराचा, आणि तळहातावर घेऊन दाबला तर जुन्या मेणबत्तीसारखा मधोमध फुटणारा. त्यानंतर मी पेंढा बदलला. ताज्या पेंढ्यावर घोडा लगेच लघवी करतो हे सर्वांना ठाऊक असेल. मी मात्र या वेळी शीळ घालत मुद्दाम थांबलो. गेली 3 वर्षे त्याची धार डावीकडे जाते ही त्याची लकब आहे, असे मी समजत होतो. ती सरळ पडली.

रात्री सासऱ्यांनी विचारले की हरवलेली वस्तू सापडली का. मी म्हणालो, "सापडली, दोन तुकड्यांत."

दुडकी

आपल्याला ती त्याच दिवशी सापडली, हे आपले भाग्य.